ओटा कुणाचा, झोपाळा कुणाचा?

गेल्या अंकात रिसेलचा फ्लॅट घेताना कुठली कागदपत्रं बघायची ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत बरीचशी वेगळ्याच विषयावर निघाली, आधीच्या मालकानं काय उचलून नेलं आणि काय आमच्या गळ्यात टाकून गेला, म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यावरच. नावं छापत नाहीये, गावं तेवढी ठेवलीयेत.

प्रश्न (ठाणे): ताई, आम्ही रिसेलला टू बीएचके घेतला. बघायला गेलो तेव्हा मॉड्युलर किचन होतं, चिमणी होती, सगळीकडे पंखे, दोन गीझर, आणि एजंट म्हणाला सेमी फर्निश्ड आहे म्हणून भाव थोडा जास्त आहे. आम्ही तो दिला. रजिस्ट्रेशन झालं, सगळे पैसे गेले, संध्याकाळी चावी घेऊन दार उघडलं तर किचनमध्ये नुसता कडप्प्याचा सांगाडा, ट्रॉल्या आणि शटर गायब, पंखे गीझर नाहीत, बाथरूमचे नळसुद्धा काढून तिथे प्लग ठोकलेले आणि होल्डरमध्ये बल्बही नाहीत. मोबाईलचा टॉर्च लावून स्वतःचं घर बघितलं आम्ही. फोन केला तर म्हणतात ॲग्रीमेंटमध्ये फ्लॅट लिहिलाय, सामान कुठे लिहिलंय?

उत्तर: तुम्हाला राग येणं साहजिक आहे, आणि त्यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. फ्लॅट म्हणजे नुसत्या भिंती आणि वर स्लॅब नव्हे. आपल्याकडे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आजही चालतो आणि त्याच्या कलम ८ मध्ये स्वच्छ लिहिलंय की घर दिलं की त्याच्याबरोबर कुलुपं, किल्ल्या, अडसर, दारं, खिडक्या आणि घराच्या कायमच्या वापरासाठी असलेल्या बाकी वस्तू घेणाऱ्याकडे जातात, दोघांत वेगळं काही ठरलं नसेल तर. म्हणजे नळ, सिंक, कमोड, बेसिन, वायरिंग, स्विचबोर्ड, ग्रिल, सेफ्टी डोअर, ओटा हे सगळं तुमचंच होतं. नळ काढून न्यायला त्यांच्याकडे कुठलंच कारण नव्हतं, आणि चार नळांसाठी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी प्लंबर शोधायला लावायचा हे मला माणूस म्हणूनच पटत नाही.

आता बाकीचं. कलम ३ मध्ये जी कसोटी आहे ती साध्या भाषेत अशी, की वस्तू भिंतीला किंवा जमिनीला जोडली ती त्या घराचा कायमचा उपयोग व्हावा म्हणून, की आपण राहतोय तोवर आपली सोय व्हावी म्हणून? स्लॅबमधला हुक घराचा, पण त्याला टांगलेला पंखा मालकाचा म्हणता येतो. एसी, चिमणी, वॉटर प्युरिफायर, इन्व्हर्टर यांचं पण तेच. गीझरवर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. तुमच्या ट्रॉल्यांबद्दल माझं स्पष्ट मत आहे की त्या घराच्या, कारण त्या त्याच ओट्याच्या मापानं बनवलेल्या असतात, दुसऱ्या किचनला धड बसत पण नाहीत, आणि त्या काढल्यावर ओट्याखाली उरतात ती नुसती भोकं.

पण तुमच्या केसमध्ये मोठा मुद्दा वेगळाय. तुम्हाला सेमी फर्निश्ड म्हणून दाखवलं आणि त्याचा भाव घेतला. मग जाहिरातीचा स्क्रीनशॉट, एजंटचे व्हॉट्सॲप मेसेज, बघायला गेला होता तेव्हा काढलेले फोटो, हे सगळं आजच्या आज एका फोल्डरमध्ये टाका. आणखी एक, साठेखत (म्हणजे विकायचं ठरल्याचा करार) झाल्यापासून ताबा देईपर्यंत विकणाऱ्यानं शहाणा मालक घेईल तेवढी काळजी मालमत्तेची घ्यायची असते, हे त्याच कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे, त्यामुळे मधल्या काळात केलेली मोडतोड त्यांच्या अंगावर येते. गेलेल्या वस्तूंची यादी करा, समोर आजचे दर लिहा, प्लंबर आणि सुताराचं कोटेशन लावा आणि आधी ईमेलनं शांतपणे रक्कम मागा, नाही ऐकलं तर वकिलाची नोटीस. खाजगी माणसानं खाजगी माणसाला घर विकलं त्यात ग्राहक आयोगात तक्रार सहसा उभी राहत नाही, दिवाणी कोर्टात जावं लागतं, आणि पन्नास-साठ हजारांसाठी ते किती वर्षं करायचं हा हिशोब तुम्हीच करा. म्हणून एजंटला मध्ये घ्या. सेमी फर्निश्ड हा शब्द त्याचा होता आणि ब्रोकरेज त्यानं त्या भावावर घेतलंय, त्याला बाजूला उभं राहू देऊ नका.

ज्यांचं अजून व्हायचंय त्यांच्यासाठी. टोकन देण्याआधी मालकांसोबत मोबाईलवर व्हिडीओ काढत खोली-खोली फिरा आणि मोठ्यानं विचारा, हा पंखा राहणार का, ही पडद्याची रॉड राहणार का, हा आरसा? विचारायला अवघड वाटतं, मला माहितीये, आपल्याकडे चहा प्यायला बसवलेल्या माणसाला असं विचारणं बरं दिसत नाही, तरी विचारा, कारण चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. मग त्याची यादी करून ॲग्रीमेंटला परिशिष्ट म्हणून जोडा, कंपनीचं नाव आणि नग लिहून, नाहीतर चांगला एसी जाऊन तिथे जुना खटारा येतो आणि यादीत 'एसी १' बरोबरच असतो. रजिस्ट्रेशनच्या दिवशी सकाळी, सही करायच्या आधी, घर परत एकदा बघून या. आणि शेवटची थोडी रक्कम ताबा पावतीच्या दिवसापर्यंत हातात ठेवायची हे साठेखतातच लिहून घ्या.

प्रश्न (पुणे, सदाशिव पेठ): आम्ही विकणारे आहोत. हॉलमध्ये सासूबाईंचा शिसवी झोपाळा आहे, पितळी कड्यांचा. घेणाऱ्या बाईंना तो फार आवडला, दोन वेळा त्यावर बसून गेल्या. आता त्यांचे यजमान म्हणतात झोपाळा पण यातच आला ना? मला तो न्यायचाय. नवीन फ्लॅटमध्ये जागा कमी आहे पण नेणार आहे.

उत्तर: न्या की! झोपाळा तुमचा आहे, उचलून नेता येतो, कड्या आकड्यातून काढल्या की सुटा होतो. स्लॅबमधले आकडे मात्र तिथेच राहू द्या, ते उपटायला गेलात तर प्लास्टर घेऊन खाली येतील. फक्त हे आजच्या आज कळवा, पुढच्या आठवड्यात नाही. मेसेज साधा ठेवा, "झोपाळा सासूबाईंचा आहे, आम्ही नेणार आहोत, आकडे ठेवतोय", बास. जाहिरातीच्या फोटोत झोपाळा होता का तेही बघा, असेल तर त्यांना तो सोबत येणार असं वाटलं यात त्यांची चूक नाही, तेव्हा चार शब्द जास्त बोला. कुणी तुम्हाला म्हणेल की एवढं काय, देऊन टाका, नवीन घरात मावत पण नाही. ज्या वस्तूवर सासूबाई रोज बसायच्या ती कुणाला द्यायची आणि कधी, हे तुम्ही ठरवायचं, घर विकण्याच्या घाईत दुसऱ्यानं नाही.

प्रश्न (नाशिक): आम्ही घेतलेल्या घराच्या माळ्यावर साफसफाई करताना लाल फडक्यात गुंडाळलेले पाच-सहा चांदीचे टाक सापडले, एक खंडोबाचा आहे एवढं कळतंय, बाकीचे झिजलेत. शिवाय दोन फ्रेम केलेले म्हाताऱ्या माणसांचे फोटो आणि एक ट्रंक जुन्या कागदांची. मालक मुलाकडे परदेशात गेलेत, एजंट म्हणतो टाकून द्या किंवा ठेवा, आता तुमचंच आहे. मिस्टर म्हणतात चांदी आहे तर सोनाराकडे देऊ. मला बरं वाटत नाहीये.

उत्तर: तुमचं मन बरोबर सांगतंय आणि एजंट चूक सांगतोय. घर तुमचं झालं म्हणून त्यात चुकून राहिलेली माणसाची वस्तू तुमची होत नाही. दुसऱ्याची वस्तू सापडली आणि आपण ती ताब्यात घेतली तर ती नीट सांभाळायची जबाबदारी आपल्यावर येते, हे १८७२ च्या करार कायद्यातच आहे, कलम ७१. सोनाराकडे नेऊन मोडायचा हक्क तुम्हाला नाहीच.

आणि हे टाक म्हणजे नुसती चांदी नाही. कुलदैवताचे आणि घरातल्या गेलेल्या माणसांचे टाक देवघरात पुजले जातात, पिढ्यान् पिढ्या चालत येतात, झिजलेत म्हणजे किती हातांनी किती वर्षं ते घासले-पुसलेत विचार करा. माळ्यावर बहुतेक रंगकामाच्या वेळी ठेवले असतील आणि म्हाताऱ्या माणसांना आवराआवरीत आठवले नसतील. फडक्यावर ठेवून प्रत्येकाचा फोटो काढा, फ्रेमचेही, ट्रंकेतले वरचे दोन-तीन कागद पण, कारण त्यात कधी जमिनीचे उतारे निघतात, आणि सोसायटीच्या ऑफिसमधून मुलाचा नंबर घेऊन पाठवा. मला वाटतं तुम्हाला रात्री अकराला फोन येईल. नातेवाईक नेईपर्यंत कपाटात वेगळे ठेवा, देताना पोचल्याचा एक मेसेज घ्या.

महिनाभर वाट पाहून, दोन-तीनदा लेखी कळवून कुणीच आलं नाही आणि त्यांनी स्वतःच "तुम्ही बघा काय करायचं ते" असं लिहून दिलं, तर मग तुम्हाला वाटेल ते करा, ओळखीच्या गुरुजींना विचारा, देवळात चालतं का विचारा. पण लिहून आल्याशिवाय नाही.

हे उलट बाजूनं विकणाऱ्यांनाही सांगते. देवांचे जुने फोटो, भंगलेल्या मूर्ती, गेलेल्यांच्या तसबिरी हे "नवीन लोक बघतील" म्हणून मागे ठेवू नका. नवीन माणूस टाकूही शकत नाही आणि पूजाही करू शकत नाही, त्याला तुम्ही उगाच पेचात टाकता. ते तुमच्या हातानं करायचं काम आहे. तेच मोडक्या गाद्या, बंद पडलेला फ्रीज, अर्धवट रंगाचे डबे आणि एक्स्पायरी झालेल्या औषधांचं. भंगारवाल्याला बोलवा, पैसे तुमच्या खिशात जातील आणि घर झाडून द्या. झाडून दिलेलं घर वेगळंच दिसतं.

प्रश्न (पिंपरी-चिंचवड): विकणारे म्हणतात फ्लॅट ७४ लाख आणि ६ लाखांचं फर्निचर ॲग्रीमेंट वेगळं करू, स्टॅम्प ड्युटी वाचेल. करावं का?

उत्तर: फर्निचर खरंच असेल आणि खरंच ६ लाखांचं असेल तर वेगळा करार करण्यात गैर काही नाही, स्टॅम्प ड्युटी स्थावरावर असते, सोफा-बेड-वॉशिंग मशीनवर नाही. तुमच्याकडे ७ टक्के धरले तर ६ लाखांवर ४२ हजार वाचतात, हे खरं. पण पुढचं कुणी सांगत नाही. एक म्हणजे ड्युटी करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (म्हणजे सरकारी दरपत्रकातली) किंमत यात जी जास्त त्यावर लागते, तेव्हा रेकनरच ७४ च्या वर असेल तर तुमचं वाचलं तेवढं नाहीच. दुसरं, बँक कर्ज देते ते फ्लॅटच्या करारावर, फर्निचरचे ६ लाख तुम्हाला स्वतःचे उभे करावे लागतील, आणि घर घेताना हातातल्या ६ लाखांची किंमत ४२ हजारांपेक्षा जास्त असते हे कर्ज काढलेल्या कुणालाही विचारा. तिसरं, उद्या तुम्ही विकाल तेव्हा तुमची खरेदी ७४ लाखांचीच धरली जाईल आणि नफा तेवढा मोठा दिसेल.

आणि यादीत ओटा, भिंतीतली कपाटं, फॉल्स सीलिंग, टाइल्स घुसवलेल्या असतील तर सही करू नका, ते घरच आहे. दोन पलंग आणि एक जुना टीव्ही दाखवून ६ लाख लिहिणं हा खोटा कागद आहे, अडचणीत दोघंही येतात. करायचंच असेल तर वस्तू, वय, किंमत लिहून, पैसे बँकेतूनच.

प्रश्न (संगमेश्वर तालुका, सध्या बोरिवली): गावाकडे घर आणि लागून असलेली जागा घेतोय. मालक म्हणतात यंदाचे आंबे माझे, बाग आधीच व्यापाऱ्याला खंडानं, म्हणजे ठरीव रकमेवर फळ काढायला, दिलीये. शिवाय खरेदीखताआधी सागाची चार झाडं तोडून नेणार आणि ओटीवरचे दोन कोरीव खांब कुणीतरी मागतंय ते देणार. चालेल का?

उत्तर: तीन गोष्टी आहेत, तिन्ही वेगळ्या.

आंब्याचं मान्य करा, म्हणजे यंदापुरतं. खरेदीखताच्या दिवशी मोहर असतो किंवा कैरी धरलेली असते, त्यावर वर्षभर फवारणी-खत त्यांनी केलंय, व्यापाऱ्याला शब्द दिलाय. पण करारात अट लिहून घ्या की अमुक तारखेपर्यंतचं फळ त्यांचं, त्यानंतर बागेत कुणी पाय ठेवायचा नाही, आणि खंड एकाच वर्षाचा आहे ना ते कागद बघून खात्री करा, कारण दोन-तीन वर्षांचा खंड आधीच घेतलेला निघाला की भांडण तुमच्या दारात.

सागाचं थोडं कायद्याचं आहे. लाकडासाठी उभं असलेलं झाड, जे आता तोडायचंच आहे, ते जंगम धरतात, आणि फळासाठी राखलेलं झाड जमिनीचा भाग, सुप्रीम कोर्टानं १९५८ मध्ये शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात हाच फरक सांगितलाय. म्हणजे साग तोडून नेतो असं मालक आधी सांगून किंमत ठरवत असतील तर तो त्यांचा हक्क आहे. पण साग, आंबा, फणस ही झाडं महाराष्ट्रात परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. परवानगी त्यांच्या नावानं, तोड त्यांनीच, ती खरेदीखताच्या आधी पूर्ण व्हायला हवी. तुमच्या नावावर सातबारा झाल्यावर बुंधे दिसले तर प्रश्न तुम्हाला विचारतील.

खांब अजिबात देऊ नका! ओटीचे खांब वरचं छप्पर धरून असतात. जुन्या लाकूडकामाला शहरात भाव आलाय म्हणून गावोगाव लोक फिरतायत, खांब, दारांच्या चौकटी, कोनाड्याच्या फळ्या काढून नेतात आणि घराला मागे सिमेंटचा टेकू लावून ठेवतात. त्या खांबाचा खालचा भाग बघितलात का, जिथे तो जोत्याच्या दगडात बसतो? तिथे खाच आणि कूस अशी जुळवलेली असते, खिळा नसतो, एकदा काढला की तसा परत बसवणारा सुतार आता मिळणं कठीण. ठरलेल्या किमतीत खांब, दारं, झरोके सगळं जागेवर, असं लिहूनच पुढे जा. आणि जागा शेतीची असेल तर तुम्ही शेतकरी आहात ना ते आधी बघा, नाहीतर हे सगळं बोलणंच फुकट.

प्रश्न (रेडिंग, इंग्लंड): ताई, मी मासिक पीडीएफवर वाचते. इथे पहिलं घर घेतोय, सॉलिसिटरनं एक भलामोठा फॉर्म पाठवलाय, त्यात टॉयलेट रोल होल्डर पण विचारलाय. एवढं बघायचं असतं?

उत्तर: हो, आणि मला तुमचा हेवा वाटतो. तो टीए१० फॉर्म, तिकडच्या लॉ सोसायटीचा. विकणारा खोलीवार टिक करतो, काय ठेवणार, काय नेणार, काय वेगळ्या पैशांना देणार, पडदे, गालिचे, बागेतली झाडंसुद्धा. त्यात मला सगळ्यात आवडलेली ओळ अशी की विकणाऱ्यानं दिवा काढून नेला तर त्याजागी साधा होल्डर आणि बल्ब लावून ठेवायचा, कुणाला पहिल्या रात्री अंधारात उभं राहायला लागू नये म्हणून. ठाण्याच्या ताईंचं पत्र वाचलंत ना वर? फॉर्म कराराचा भाग होतो, म्हणून एकेक रकाना वाचा, रिकामा रकाना दिसला तर सॉलिसिटरकडून भरून मागवा. आपल्याकडे असा फॉर्म नाही, पण तुमच्यासारखी यादी कुणीही एक पान कागदावर करू शकतं.

थोडक्यात काही:

गॅस सिलिंडर ठेवून जातो म्हणतात, घेऊ का? (डोंबिवली) नको. कनेक्शन त्यांच्या नावावर, डिपॉझिट त्यांचं, सिलिंडर कंपनीचं. त्यांनी एजन्सीत ट्रान्सफर किंवा सरेंडर करावं, तुम्ही तुमचं नवीन घ्या. पाइप गॅस असेल तर मीटर जागेवरच राहतो, नाव बदलून घ्यायचं.

विजेचं जुनं बिल थकलंय. (सांगली) ताबा घेण्याआधी भरून घ्या, त्या दिवसाच्या मीटर रीडिंगचा फोटो दोघांच्या फोनमध्ये. जुन्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये म्हटलंय, तेव्हा "नंतर भरतो" यावर अजिबात जाऊ नका. मीटरचं नाव बदलताना त्यांच्या सुरक्षा ठेवीचं काय करायचं तेही दोघांत ठरवून घ्या.

ओपन पार्किंग पण विकलं म्हणतात, २ लाख वेगळे. (कल्याण) सोसायटीनं दिलेली ओपन जागा सभासदाला विकताच येत नाही. ती सोसायटीकडे परत जाते आणि तुम्ही नंबर लावायचा. २ लाख देऊ नका, आधी सेक्रेटरींकडून लेखी घ्या.

सगळं दिलं पण बिल्डरचं मूळ ॲग्रीमेंट देत नाहीयेत, "आठवण म्हणून ठेवतो" म्हणतात. (नागपूर) झोपाळा आठवण म्हणून नेता येतो, मूळ करार नाही. पूर्ण पैसे मिळाल्यावर मालकीचे कागद घेणाऱ्याला द्यायचे, हे वर सांगितलेल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ मध्येच आहे. बिल्डरचा मूळ करार, रजिस्ट्रेशनची पावती, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मधल्या प्रत्येक विक्रीचे कागद, सगळं ओरिजिनल. त्यांना टॅक्ससाठी लागत असेल तर रंगीत झेरॉक्स काढून द्या, खर्च तुम्हीच करा आणि कागद घेऊनच घरी या. उद्या तुम्हाला कर्ज हवं असेल किंवा विकायचं असेल तेव्हा पहिली मागणी त्याच कागदाची होते.